रोंदाचा तिसरा माणूस

जगातल्या सगळ्या संगणकभाषा उद्धट आहेत, असं नीबिया एचार्तचं ठाम मत होतं. "नुसते हुकूम! हे कर, ते कर, थांब, उडी मार, मर! घरात कोणी असं बोललं तर आपण त्याला जेवायला तरी वाढू का?" हे ती भेटेल त्याला विचारायची आणि मग मान ताठ करून सांगायची, "जगातली पहिली सभ्य भाषा मी करणार आहे. आणि ती साल्तोतच होणार!"

साल्तो गावच्या तंत्रशाळेत ती गणित शिकवायची. म्हणजे समीकरण फळ्यावर अर्धं सोडून खिडकीबाहेरच्या संत्र्याच्या झाडांकडे बघत उभी राहायची, आणि उरलेलं अर्धं मुलं आपापसात सोडवायची. तिची स्वप्नं तासाच्या घंटेलाही दाद द्यायची नाहीत.

भाषा तिला सुचली ती मधल्या सुट्टीत. शिक्षकांच्या खोलीत माते, म्हणजे आमच्याकडचा कडू पाल्याचा चहा, फिरत होता. गोल करून बसलेली माणसं, कडू पाल्याने भरलेला एकच तुंबा, त्यात एकच नळी. ओतणारा थर्मासातलं गरम पाणी ओतून तुंबा एकाला देतो, तो सावकाश तळापर्यंत ओढतो, परत करतो, मग पुढच्याची पाळी. कोणी ढकलत नाही, कोणी माझं-माझं करत नाही.

"हेच की!" नीबिया एवढ्या जोरात ओरडली, की भूगोलाच्या बाईंनी गरम पाणी स्वतःच्याच मांडीवर ओतलं.

भाषेचं नाव ठरलं 'रोंदा', म्हणजे मातेची बैठक. तिच्यात प्रोग्रामचे तुकडे गोल करून बसायचे. ज्याच्या हातात तुंबा त्याने काम करायचं, बाकीच्यांनी गप्प बसून वाट बघायची. काम संपलं की तुंबा परत. बस्स, एवढंच व्याकरण!

यंत्राला हे सगळं समजावण्याचं काम डार्विन सिल्वेराकडे आलं. डार्विन रेडिओ आणि कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्त करायचा आणि कशावरही विश्वास ठेवायचा नाही.

"एक विचारू?" तो पहिल्याच आठवड्यात म्हणाला. "एखादा तुंबा धरूनच बसला तर?"

"कोणी धरून बसत नाही."

"माझा मेहुणा बसतो."

"तुझा मेहुणा प्रोग्राम नाही, डार्विन."

"नाहीच. प्रोग्राम निदान बंद तरी पडतो. हे बघ, आपण घड्याळ लावू. दहा सेकंद झाले की तुंबा काढून घ्यायचा."

नीबियाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने थडग्यावरची फुलं चोरली होती. "पाहुण्याच्या हातातून तुंबा हिसकावून घेणार? तुझ्या आईने तुला हेच शिकवलं?"

डार्विनने मान खाली घातली. त्याच्या आईने तसं मुळीच शिकवलेलं नव्हतं. घड्याळ लावायचं राहिलं ते राहिलंच.

दोन वर्षांत रोंदा तयार झाली. चालायलाही लागली. पण जगात ती लिहिणारी माणसं होती दोन. एक नीबिया, एक डार्विन. "दोघांत बोलतात तिला भाषा म्हणत नाहीत," डार्विन म्हणायचा. "तिला गुपित म्हणतात." नीबियाला हे फार लागायचं. तिला तिसरा माणूस हवा होता. बाजारात संत्री निवडताना, बसमध्ये शेजारी कोणी बसलं की, तिला वाटायचं, हा असेल का? हा कधीतरी सकाळी उठून आपण होऊन रोंदात एक ओळ लिहील का? तिसरा मिळाला नाही तर रोंदा आपल्याबरोबरच संपणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि मग सुल्माबाई भेटल्या. गावाबाहेरची गरम पाण्याची कुंडं चालवणाऱ्या सहकारी संस्थेच्या त्या अध्यक्षा. कुंडाचे व्हॉल्व्ह एकतीस वर्षं हाताने फिरवणारा म्हातारा नेल्सन निवृत्त होणार होता.

"तुमची ती भाषा व्हॉल्व्ह फिरवते का हो, बाई?"

"व्हॉल्व्ह? गरम पाणी, गार पाणी, फाटक, यंत्रखोलीचं कुलूप, कर्णा, सगळं!" नीबिया म्हणाली. मनात म्हणाली, संस्थेचा एखादा तरी माणूस ती शिकेल. तिसरा!

नेल्सनला कोणी काही विचारलं नाही. तशी त्याला सवय होती.

जुलैच्या हिवाळी सुट्ट्यांच्या पहिल्या दिवशी उद्घाटन ठरलं. थंडी कडाक्याची होती, कुंडावर दुधासारखी वाफ होती आणि वाफेत साठ-सत्तर म्हातारे-म्हाताऱ्या गळ्यापर्यंत बुडून बसलेले होते. नीबिया काठावर उभी राहून वाट बघत होती. रोंदाचे तुकडे गोल बसले. गरम पाण्याला तुंबा मिळाला, त्याने व्हॉल्व्ह उघडला, तुंबा परत केला. तिचा ऊर भरून आला. पुढची पाळी कर्ण्याची, त्याच्यानंतर गार पाणी.

कर्ण्याने सुल्माबाईंचं स्वागताचं भाषण वाचायला घेतलं.

"किती पानं आहे ते?" नीबियाने सहज विचारलं.

"बेचाळीस," डार्विन म्हणाला. "बाईंनी सकाळी आणून दिलं. संस्थेच्या स्थापनेपासून आहे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गरम पाणी चालू. गार पाणी तुंब्याची वाट बघत गप्प बसलेलं. अत्यंत सभ्यपणे!

"बंद कर! बंद कर!"

"कसं करू? 'बंद कर' हा हुकूम बैठकीत सहावा बसलाय. तूच बसवलास. म्हणालीस, आगंतुकासारखं मध्ये घुसू नये."

"मग वायर उपट!"

"वायर यंत्रखोलीत. खोलीचं कुलूप पाचवं."

"आणि फाटक?"

"चौथं."

फाटकाबाहेर दोनशे माणसं खोळंबली होती. पण चकार शब्द नाही! प्रत्येकाच्या काखेत थर्मास होता, त्यांनी तिथेच गोल केले आणि माते सुरू केला. आत पाणी एकोणचाळीस अंशांवर गेलं. म्हाताऱ्यांना वाटलं, ही उद्घाटनाची खास भेट. त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून सुल्माबाईंना वाटलं भाषण रंगलंय, आणि त्यांनी कर्णा मोठा करायला सांगितला. चाळीस झालं. वाफ एवढी दाटली की माणसं दिसेनाशी झाली, नुसते आवाज राहिले. कोणी गुणगुणत होतं, कोणी घोरत होतं, आणि सगळ्यांवरून कर्णा संथपणे सांगत होता, की संस्थेचं पहिलं कपाट कोणी दान केलं.

खरं सांगायचं तर त्या वाफेत नीबियाला क्षणभर फार सुख झालं. तिची भाषा बोलत होती आणि सारं जग घाई न करता ऐकत होतं. हेच तर तिने दोन वर्षं स्वप्नात पाहिलं होतं! मग पोहत पोहत एक म्हातारा शेजारून गेला. तो उकडलेल्या बिटासारखा लाल झाला होता.

"नेल्सनकाका! हाताने बंद करा!" ती किंचाळली.

"कशाने?" वाफेतून नेल्सनचा आवाज आला. "व्हॉल्व्हचं चाक काढून नेलं कालच."

चाक सुल्माबाईंनीच काढून, सोनेरी रंग देऊन, लाकडी पाटीवर बसवून, रंगीत कागदात गुंडाळून ठेवलं होतं. नेल्सनला निरोपाची भेट म्हणून!

"भाषण संपल्यावर द्यायचंय ते!" सुल्माबाई ओरडल्या.

"बाई, तोवर लोक शिजतील!" डार्विन म्हणाला.

नेल्सनने भेट स्वतःच हिसकावली, कागद फाडला, पाटी गुडघ्यावर मोडली आणि चाक व्हॉल्व्हवर बसवून गरम पाणी बंद केलं. तेवढ्यात कुंडाच्या मधोमध एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला.

"ए बाई! तुंबा म्हणजे माईक नव्हे!"

आमच्याकडे तुंबा हातात धरून गप्पा झोडत बसणाऱ्याला हाच टोमणा मारतात. अख्खं कुंड हसलं. सुल्माबाई बिटाहून लाल झाल्या. आणि नीबियाने कपाळावर हात मारला. तुंबा हिसकावणं असभ्य, हे खरं. पण टोमणा मारायला कोण बंदी करतो?

पुढचे आठ दिवस दोघांनी रोंदात टोमणा बसवला. बराच वेळ झाला की ओतणारा टोमणा मारायचा, आणि तुकडा ओशाळून तुंबा खाली ठेवायचा. झकास चालायचं. पण बघणार कोण? संस्थेने रोंदाला हाकललं आणि नेल्सनची निवृत्ती रद्द केली. सुल्माबाई गावभर सांगत होत्या, की त्या भाषेने माणसं उकडतात. नीबियाला रडू यायचं. तिसरा माणूस आता या जन्मी मिळत नाही, असं तिने मनाशी मानलं.

एका दुपारी नेल्सन डार्विनच्या दुकानात आला. टोपी हातात घेऊन तिथे बसलेल्या नीबियासमोर उभा राहिला.

"मास्तरीणबाई, ती भाषा मला शिकवाल का?"

"तुम्हाला? कशाला, काका?"

"घरी बायको आहे, तिच्या तीन बहिणी आहेत. कामावर सुल्माबाई. एकतीस वर्षांत माझं एक वाक्य कोणी पुरं होऊ दिलं नाही." त्याने टोपी दुसऱ्या हातात घेतली. "त्या दिवशी तो कर्णा बोलत होता आणि कुणाची त्याला तोडायची छाती नव्हती. मला फार आवडलं ते."

नीबियाचे डोळे भरून आले. तिने त्याला खुर्ची दिली, तुंबा दिला, आणि चार रविवार जीव ओतून शिकवलं. तो दोन बोटांनी, जीभ बाहेर काढून लिहायचा, आणि कोणाला दिसू नये म्हणून कागदावर हात धरायचा. पाचव्या रविवारी, जेवणं उरकल्यावर, त्याने प्रोग्राम आणला. तिसऱ्या माणसाचा पहिला प्रोग्राम! बैठकीत एकच तुकडा होता. त्याने तुंबा घेतला आणि बोलायला सुरुवात केली. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे १९९४ सालापासून.

अर्ध्या तासाने ओतणारा टोमणा मारणार, तोच नीबियाने डार्विनचा हात धरला.

"टोमण्याची ओळ काढ."

"नीबिया, हा थांबायचा नाही!"

"नाही थांबला तरी चालेल. तिसरा आहे तो."

डार्विनने ओळ काढली. पाच वाजले तेव्हा तो टेबलावर डोकं ठेवून घोरत होता, नेल्सन तृप्त चेहऱ्याने ऐकत होता, नीबिया चौथ्यांदा पाणी गरम करत होती, आणि प्रोग्राम अजून १९९४ सालच्या जुलैतच होता.