चौघांचा एक सांगाडा

अस्थिसंग्रहाची खोली वाचवायची, तर दुपारी बाराच्या आत प्राचार्यांना काहीतरी हलणारे दाखवणे भाग होते. "सांगाडे हलत नाहीत, म्हणून मुलं तिकडे फिरकत नाहीत," हे त्यांचे निरीक्षण. तिथे कॅन्टीन काढावे, हा निष्कर्ष.

तेव्हा प्राणिशास्त्राच्या बाईंनी, हवे ते घडवून हलवता येणाऱ्या एका संगणकीय खेळात, खोलीतल्या सांगाड्यांवरून घोडा, कोंबडी, मगर आणि माणूस घडवले. एकेकटा प्रत्येकजण उत्तम चालत होता. चौघे एकत्र येताच संगणकाला धाप लागली.

"बाई, चौघांचा एकच करून टाका," प्रयोगशाळा सहायक म्हणाले. "चार सांगाडे ओढण्यापेक्षा एक परवडतो त्याला. हे बटण दाबलं की जुळले."

बाईंनी दाबले.

"फक्त एका नावाची हाडं तो एकच धरतो हं," सहायकांनी मागाहून सांगितले. "पण सगळ्यांना एकच नाव कोण देतंय?"

बाईंनी दिले होते. घोड्याचा आणि मगरीचा पुढचा पाय, कोंबडीचा पंख, माणसाचा हात, या सर्वांत मूळचे हाड एकच, असे त्या तीस वर्षे शिकवत आल्या होत्या. शिकवायचे एक आणि लिहायचे दुसरे, हे त्यांच्या स्वभावात नव्हते. परिणामी कोंबडीने पंख फडफडवले, तेव्हा घोडा आणि माणूसही त्याच लयीत फडफडू लागले. मगरीने आडव्या अवस्थेत जमेल तेवढी धूळ उडवली.

"अहो, सोडवा ना त्यांना!"

"जुळलेलं सुटत नाही, बाई. संसारच आहे तो."

एवढ्यात दारात प्राचार्य उभे राहिले. जन्मभर वाणिज्य शिकवलेल्या त्या गृहस्थांनी पडदा नीट न्याहाळला.

"सर, ही चूक आहे," बाई म्हणाल्या. "सगळ्यांचं हाड एकच धरलं गेलंय."

"पण ते एकच असतं, असं तुम्हीच सांगता ना?"

"तत्त्वतः असतं. पण माणूस असा फडफडत नाही."

"तुम्ही आमची कार्यकारिणी पाहिलेली नाही. वा, बाई! तीस वर्षांत कळलं नाही ते अर्ध्या मिनिटात कळलं."

बाईंचा जीव भांड्यात पडला. योग्य निष्कर्ष चुकीच्या पुराव्यावरून निघाल्याचे शल्य त्यांनी खोलीखातर गिळले.

"मग आता ते सांगाडे कशाला हवेत?" प्राचार्य सहायकांकडे वळले. "सगळं यात आहेच. सोमवारपर्यंत खोली मोकळी करा."

विरोध करण्यासाठी बाईंनी तोंड उघडले. नेमका त्याच क्षणी मगरीने जबडा उघडला, म्हणून पडद्यावरच्या बाकीच्या तिघांनीही उघडला. आणि बाईंचे तोंडही प्रात्यक्षिकातच धरून प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या.