बुखारी पेटवण्याबाबत

थंडी ही वाजण्याची नसून मोजण्याची गोष्ट आहे, हे सामान्य माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. पाटणच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहणाऱ्या सुभेदार (निवृत्त) गुंडा शेडग्यांच्या मात्र ते पक्कं लक्षात होतं.

चोवीस वर्षांच्या नोकरीतले तीन हिवाळे त्यांनी लेहला काढले. तिथल्या बराकीत बुखारी होती: पत्र्याचं उभं पिंप, पोटात जळती लाकडं आणि धुराडं थेट छपराबाहेर. तिच्याजवळ बसून त्यांनी बायकोला, राहीबाईंना, पत्र लिहिलं होतं की पेन्शनीत आलो की तुला अशीच एक उबदार खोली करून देतो. माणूस शब्दाचा पक्का. घरी परतल्यावर पहिलं काम त्यांनी केलं ते लोणंदच्या एका वर्कशॉपात बुखारी बनवून घेण्याचं.

त्याला आता पाच वर्षं झाली. या पाच वर्षांत बुखारी एकदाही पेटलेली नाही. (यावरून तिची निगा किती चोख होती ते कळावं.)

तयारी करणं आणि पेटवणं ही दोन वेगळी खाती आहेत. तयारी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होई. धुराड्यातून ब्रश तीनदा फिरे. गेल्या साली त्यातून साळुंकीचं घरटं निघालं. बुखारीच्या पायांना काळा रंग लागे, बाभळीची लाकडं एका मापाची कापून रांगेत उभी राहत. भिंतीवर ड्यूटीचा तक्ता होता. सून अंकिता इंधनप्रमुख. मुलगा वीरधवल धूर-निरीक्षक (तो सांगलीत हळदीच्या पेढीवर कामाला असल्याने पद रिक्त). राहीबाई लाभार्थी. खाली लाल शाईत नियम: ओसरीवरचा थर्मामीटर सलग तीन सकाळी दहा अंशांच्या खाली गेल्याशिवाय बुखारी पेटवू नये.

आणि वाडीची थंडी अकराच्या खाली उतरायला तयार नव्हती.

यंदा डिसेंबरात राहीबाईंचा गुडघा आखडला. सकाळी चुलीपर्यंत जायचं तर भिंतीला धरून जावं लागे. सुभेदारांना ते दिसत होतं. रोज सहाला ते ओसरीवर जात, पारा जरा खाली सरकेल या आशेने काचेवर टिचकी मारत, वहीत 'अकरा' लिहीत आणि तोंड पाडून आत येत. एका सकाळी राहीबाई शांतपणे म्हणाल्या,

"आवं, थंडी मला वाजतिया. त्या काचंच्या नळीला न्हाई."

सुभेदारांना ते पटलं. पण पटलेली गोष्ट नियमात बसतेच असं नाही. एकदा नियम मोडला की मग बुखारीत आणि चुलीत फरक काय राहिला, असं काहीतरी ते पुटपुटले आणि लाकडं पुन्हा मोजायला गेले.

अंकिता भाकरी थापता थापता ऐकत होती. दुसऱ्या दिवसापासून हवामान बदललं. पहिल्या सकाळी नऊ. मग आठ. तिसऱ्या सकाळी एकदम तीन. (पहिले दोन दिवस अंकिताने थर्मामीटर पाचेक मिनिटंच फ्रिजमध्ये ठेवला होता, तिसऱ्या खेपेला आदल्या संध्याकाळी ठेवला तो रात्रभर विसरली आणि सहाच्या ठोक्याला घाईनं ओसरीवर टांगला.)

सुभेदारांनी आकडा ओसरीवरूनच वाडीला जाहीर केला. शेजारचे कोंडीबा उघड्या अंगाने नळाखाली आंघोळ करत होते. तीन अंश ऐकल्यावर त्यांचे दात वाजू लागले. तासाभरात वाडीत अकरा कानटोप्या आणि चार स्वेटर बाहेर निघाले. शालूबाईंनी म्हशीवर गोणपाट टाकलं. म्हशीनं ते खाली पाडलं. तिला आकडा कळवलेला नव्हता.

बुखारी पेटली. बघायला आलेले पंधराजण त्या खोलीत घामानं निथळत बसले, पण बाहेर पडायला कुणी तयार होईना. "लय कडाका हाय," कोंडीबा कानटोपीखालचा घाम पुसत म्हणाले. राहीबाईंनी स्टूल बुखारीजवळ ओढलं आणि पाय लांब केला. मग हळूच दुमडला. बऱ्याच दिवसांनी तो दुमडत होता.

सुभेदार तेवढ्यात चष्मा लावून थर्मामीटर सरळ करायला ओसरीवर गेले. काच ओली होती. मागच्या बाजूला कोथिंबिरीचं एक पान चिकटलं होतं. त्यांनी पानाकडे बघितलं, मग दारातून आत राहीबाईंच्या गुडघ्याकडे बघितलं. पान नखानं काढून टाकलं आणि वहीत ठळक अक्षरांत 'तीन' लिहिलं. त्याच दिवशी तक्त्यात दुरुस्ती झाली: तापमान नोंद, अंकिता, कायमस्वरूपी.

वाडीतल्या लोकांवर हसायला हरकत नाही. फक्त, आज सकाळी तुम्हाला गार वाटलं तेव्हा हात आधी पांघरुणाकडे गेला की मोबाइलकडे? आणि तिथं एकोणीस अंश दिसल्यावर पांघरूण बाजूला सारून उठलात, ते कुणाच्या आज्ञेवरून?