सुपडूनानाची शंभर आकड्यांची मोजणी

दिव्याचं साधं बटण दाबायचं, तरी सुपडूनाना आधी डावा हात खिशात घालणार. दोन्ही हात लागले की करंट छातीतून जातो म्हणे. जिवाला एवढा जपणारा माणूस मी चोपड्यात दुसरा पाहिला नाही. दीपनगरला, विजेच्या कारखान्यात, नोकरी करून आलेला. तिथं झाडू मारायचा की चहा वाटायचा, कोणाला माहीत. गल्लीत मात्र मोठा साहेब.

त्या वैशाखात माझी लेक बाळंतपणाला आलेली. बाळ आठ दिवसांचं, अंगभर घामोळं, रडून रडून लाल व्हायचं. कूलर लावला की घटकाभरात मेन पडायची, अख्ख्या घराची वीज जायची. मी वावरात कपाशी वेचत जन्म काढला, मला ऊन काही करत नाही. पण ते लेकरू किती सोसणार? नाइलाजानं नानाला बोलावलं.

आला, अन् आधी खुर्ची मागितली, मंग चहा. मंग हुकूम. "बठ्ठं बंद करा. पिना बी काढा. मेन खोटं बोलत नही अक्का, माणसं बोलतस." कोणी काय काय जोडलं, चोर पकडल्यासारखं विचारलं. मंग एकेक चालू करायचा, अन् शंभर आकडे मोजायचा. दिवा, शंभर. पंखा, शंभर. इस्तरी, शंभर. मधी कोणी बोललं की पुन्हा एकपासून. माझा नातू शाळेत जायला लागेल तवर ह्याची मोजणी चालेल, असं वाटलं.

कूलर लावला, चाळीसलाच मेन खट्कन पडली. नानानं पिन काढली अन् एका हातानं कूलरच्या पाण्यातला पंप वर उचलला. वायरीला लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, पाण्यानं चिंब. तुटलं-फाटलं मी चिंधीनंच बांधते, जन्मभर तेच केलं. नानानं चिंधी पाहिली, माझ्या लुगड्याचा काठ पाहिला. चिंधी सोडून खिशात घातली.

लेकीला म्हणाला, "पंप म्हतारा व्हई गया बेटी. कोनीच चूक नही."

सांजच्याला दुसरा पंप आणून बसवला. बाळ झोपलं.

दोन दिवसांनी मी त्याच्याकडं शिऱ्याची वाटी घेऊन गेले. भर दुपारी डोक्यावर ओला पंचा टाकून हा खाटेवर बसलेला. कूलर कोरडा ठाक, आत पंपाची जागा रिकामी.

"एकल्या माणूसले कसाले पाहिजे, अक्का?" मी विचारायच्या आधीच म्हणाला. "आवाज करस नुस्ता. घरमा कोनी शे असं वाटस."

मी वाटी ठेवली. म्हटलं, उद्यापासून दुपारचं आमच्याकडं येत जा, मेन पाहायला.

उन्हाळाभर आला. डावा हात खिशात घालून कूलरसमोर झोपायचा, अन् मेला असा घोरायचा की बाळ उठायचं.