तुकोजीचा घोडा आणि ओरिजिनल सीडी

उमाकांत निरगुडकरांनी आयुष्यात फक्त एका पत्राला उत्तर दिलं नव्हतं. ते पत्र आठ वर्षं त्यांच्या शब्दकोशात पडून होतं. निळं अंतर्देशीय, तंजावरचा शिक्का, एप्रिल १९९९. शब्दकोश ते रोज उघडत. फक्त त्या दोन पानांवरचे शब्द त्यांनी वापरायचंच सोडून दिलं होतं!

पत्रात तसं भयंकर काही नव्हतं. "उमाकांत यांस तुकोजीचा नमस्कार. आपली चाल पोंचली. मी घोडा आपल्या वजिराच्या अंगावर आणिला आहे. सावकाश विचार करून लिहावें. मज घाई नाही."

झालं! 'घाई नाही' हे शब्द उमाकांतरावांसारख्या माणसाला लिहायचे नसतात.

तुकोजीराव तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले. आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात तपासणी विभागात दोघांची टेबलं समोरासमोर होती. डब्यातला दहीभात संपला की बुद्धिबळाचा पट निघे. सोंगट्या पितळी, तुकोजीरावांनी लेथवरच्या भंगारातून स्वतः घडवलेल्या. त्यातला एक घोडा बघणाऱ्याला बोकडासारखा वाटे; तुकोजीराव म्हणत, "तंजावरचे घोडे असेच असतात!" बावीस वर्षं रोज भोंगा होईपर्यंत खेळ चाले. तुकोजीराव निवृत्त होऊन गावी गेले, तेव्हा डाव टपालानं चालू राहिला. एका पत्रात एक चाल. तेरा वर्षांत सहा डाव झाले. सातव्यात हा घोडा आला.

घोडा एकटाच उभा होता. पाठीशी कोणी नाही. प्याद्यानं सरळ मारता येत होता. पण तुकोजी फुकट घोडा देईल? उमाकांतरावांनी पहिल्या दुपारी पेन्सिलीनं लिहिलं, 'घोडा मारतो.' मग खोडलं. मग महिना गेला, वर्ष गेलं. पुढे चालीपेक्षा उशिराचीच लाज वाटू लागली. एवढ्या उशिराबद्दल काय लिहायचं, या विचारात आणखी सात वर्षं गेली.

आणि परवा मांबलम स्टेशनच्या जिन्यावर तुकोजीरावांची पुतणी हेमावती भेटली.

"काका पुढच्या महिन्यात मुलाकडे सिंगापूरला जातात, कायमचे," ती म्हणाली. "खिडकीजवळ स्टुलावर तो पट अजून तसाच आहे, ठाऊक? धूळसुद्धा आम्हाला पुसू देत नाहीत. म्हणतात, उमाकांतची चाल यायची आहे. आली तर पट संगं नेतो. नाही तर डाव मोडतो, सोंगट्या डब्यात."

उमाकांतराव घरी आले ते वेगळेच होऊन.

"सुनंदा!" चप्पल काढायच्या आधीच त्यांनी जाहीर केलं. "आठ दिवसांत तुकोजीला उत्तर जाणार!"

"आठ वर्षं झाली, आता आठ दिवस?" सुनंदाबाई पडवळ चिरत म्हणाल्या. "कॅलेंडरवर लिहून ठेवू का?"

"मी कॉम्प्युटरला विचारणार आहे!"

मुलगा मकरंद बंगळूरला जाताना आपला जुना कॉम्प्युटर ठेवून गेला होता. त्यावर बुद्धिबळाचा खेळ घालायचा, पट मांडायचा, चाल विचारायची. ही लबाडी का, यावर उमाकांतरावांनी एक रात्र घालवली आणि सकाळी ठरवलं की हे संदर्भग्रंथ पाहण्यासारखंच आहे.

तळमजल्यावरचे रामस्वामी जिन्यातच भेटले. रेल्वेतून निवृत्त, तंजावरकडचेच मराठी, अंगात बनियन, खाली वेष्टी.

"चेसचा गेम होय सार? विकत कशाला? मजकडे आहे की! जॉर्ज टाउनात फुटपाथवर घेतला. एका सीडीत दोनशे गेम!"

"चोरीची?"

"चोरीची म्हणजे काय... चांगली चालते हो!"

तीस वर्षं तपासणीचा शिक्का मारणाऱ्याला हे कसं चालणार! उमाकांतराव मोठ्या दुकानात गेले, ओरिजिनल खोका घेतला आणि पावती दोनदा मागून घेतली.

घरी आल्यावर त्यांनी तेच केलं जे ते प्रत्येक नव्या पुस्तकाचं करतात. मैद्याची खळ केली, खोक्याला तपकिरी कागदाचं घट्ट कव्हर घातलं, कडा दाबून बसवल्या. वर लिहिलं, 'अनुक्रमांक ७१३'. आणि सीडी हरवू नये म्हणून तिच्या चित्राच्या बाजूवर बॉलपेननं, जोर देऊन, वळणदार अक्षरात: 'उ. वि. निरगुडकर, वेस्ट मांबलम'.

मग ते कॉम्प्युटरपुढे बसले. शेजारी पट मांडला.

कॉम्प्युटरनं विचारलं: खोक्याच्या मागच्या बाजूचा पंचवीस अक्षरी परवाना क्रमांक टाका.

खोक्याच्या मागच्या बाजूला तपकिरी कागद होता!

सुनंदाबाईंनी चहाच्या किटलीची वाफ दिली. खळ उत्तम झाली होती, त्यामुळे कागद निघाला तो क्रमांकाची चिकटपट्टी अंगावर घेऊनच. शेवटची चार अक्षरं अर्धी इकडे, अर्धी तिकडे. भिंगातून पाहून क्रमांक टाकला. चूक. पुन्हा टाकला. चूक. तिसऱ्यांदा कॉम्प्युटरनं सांगितलं, आता चोवीस तासांनी या.

"बघा," सुनंदाबाई म्हणाल्या, "सरकारी दवाखान्यात तरी त्याच दिवशी आत घेतात."

दुसऱ्या दिवशी क्रमांक जुळला! उमाकांतरावांनी पटाकडे पाहून हात चोळले. पण कॉम्प्युटरला आता इंटरनेटवरून कंपनीशी बोलायचं होतं. इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं, बेडूक आणि कुकरची शिटी यांच्यामधला आवाज करत. पाऊण तास 'कृपया थांबा' दिसत होतं. तेवढा वेळ उमाकांतराव पटाकडे बघत बसले. आठ वर्षांत एवढा वेळ त्यांनी त्या घोड्याकडे पाहिलं नव्हतं. दुसरं करणार काय!

सेहेचाळिसाव्या मिनिटाला सुनंदाबाईंनी बहिणीला फोन लावायला रिसीव्हर उचलला.

तार तुटली. पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्या दिवशी परवाना मंजूर झाला. आणि नवी पाटी आली: तुमच्या कॉम्प्युटरवर सीडीच्या नकला काढायचा प्रोग्राम सापडला आहे. तो असेपर्यंत खेळ चालणार नाही.

"म्हणजे मला चोर म्हणतोय?" उमाकांतराव उठून उभेच राहिले. "पावती आहे माझ्याकडे!" आणि त्यांनी खरोखरच पावती पडद्यासमोर धरली.

मकरंदला फोन गेला. "बाबा, तो प्रोग्राम मीच टाकला होता, आईची भजनं कॉपी करायला. काढून टाका."

प्रोग्राम निघाला. त्याच्याबरोबर सीडीचा कप्पाही नाहीसा झाला! म्हणजे कप्पा जागेवर होता, पण कॉम्प्युटर म्हणत होता की असला काही कप्पा मला माहीत नाही. सुनंदाबाईंची भजनं बंद पडली.

"तुमच्या ओरिजिनलनं देवाचं नाव घेणंसुद्धा बंद केलं घरात!"

मकरंदनं दोन तास फोनवरून सांगून सगळा कॉम्प्युटर पुसून नव्यानं भरून घेतला. भजनं परत आली. खेळ पुन्हा घातला, तर तो म्हणाला: हा दुसरा कॉम्प्युटर दिसतो. तीनच वेळा परवानगी आहे, त्यातली ही दुसरी.

"हा तोच आहे!" उमाकांतराव पडद्याला समजावत होते. "फक्त आंघोळ केली आहे त्यानं!"

"बाबा, ऐका," मकरंद थकून म्हणाला. "रामस्वामीकाकांकडे जा. त्या कॉपीतून ही सगळी कुलूपकिल्ली काढून टाकलेली असते. एका क्लिकात सुरू होते."

"म्हणजे पैसे देणाऱ्याला चौकशी आणि चोराला उघडं दार?"

"हो बाबा. तसंच आहे ते."

चौथ्या दिवशी उमाकांतराव खाली गेले. जिन्यात कोणी बघत नाही ना, हे पाहून गेले. रामस्वामींनी खुर्ची दिली, सीडी घातली. मोजून चार सेकंदांत पट पडद्यावर! उमाकांतरावांनी एकेक सोंगटी सांगितली, रामस्वामींनी मांडली. तुकोजीचा घोडा वजिराच्या अंगावर येऊन उभा राहिला.

"आता विचारू?" रामस्वामींनी बोट उचललं.

उमाकांतरावांना त्या चकचकीत पडद्यावर एकदम तो बोकडासारखा पितळी घोडा दिसला. दहीभाताच्या वासाचा.

"नको," ते उठले. "माझी ओरिजिनल आहे वर. होईल ती सुरू."

"अय्यो! बसा हो सार! एकच बटण!"

पण ते निघून आले होते. रामस्वामींनी पट तसाच राहू दिला.

वर येऊन त्यांनी सीडी पुन्हा घातली. सगळं पार पडलं, परवाना, टेलिफोन, बेडूक, शिटी. आणि शेवटची पाटी आली: ही सीडी मूळ नाही. मूळ सीडी घाला.

कंपनीच्या मदतकेंद्रावर सहाना नावाची मुलगी बोलली. आवाज गोड. "सर, डिस्कवर काही लिहिलंय का?"

"फक्त माझं नाव आणि पत्ता. हरवू नये म्हणून."

"बॉलपेननं?"

"...जरा जोर देऊन."

"सर, डिस्कमध्ये गुप्त खुणा असतात, त्यावरून खरी-खोटी ओळखतो. पेनच्या दाबानं त्या गेल्या असणार. आता ती नकली आहे."

"अहो, माझं नाव घातल्यामुळे ती नकली झाली?"

"तसंच म्हणा सर. डिस्क आणि सविस्तर अर्ज पोस्टानं पाठवा. अडचण काय, कधीपासून, सगळं लिहा. सहा आठवड्यांत नवीन मिळेल."

सहा आठवडे! तुकोजी तीन आठवड्यांत विमानात बसणार होता.

तरी अर्ज करायचा म्हणजे करायचा. कारखान्यातली सवय अशी की कच्चा खर्डा आधी मराठीत, मग इंग्रजीत पक्का. उमाकांतराव लिहायला बसले. 'अडचण कधीपासून: एप्रिल १९९९ पासून.' मग अडचण समजावी म्हणून घोडा सांगावा लागला. घोडा समजावा म्हणून तुकोजी. तुकोजी समजावा म्हणून दहीभात, भोंगा, आवडीहून परतीच्या गाडीत उभ्यानं तोंडी खेळलेले डाव. उशीर का झाला, तेही लिहिलं. चुकेन याची भीती वाटली, मग भीतीची लाज वाटली, आणि आपला मित्र अजून वाट पाहतो आहे हे ऐकून झोप उडाली. चार पानं भरली. आठ वर्षं अडकलेलं पेन एकदाही थांबलं नाही.

सुनंदाबाईंनी चष्मा लावून खर्डा वाचला. दुसऱ्या पानानंतर पदर डोळ्यांकडे गेला. मग म्हणाल्या, "अहो, हे त्या कंपनीला कशाला? त्यांना काय कळणार दहीभात?"

"सविस्तर लिहा म्हणाली ती."

सुनंदाबाईंनी त्यांच्या हातातलं पेन घेतलं, 'मा. व्यवस्थापक' यावर काट मारली आणि वर लिहिलं, 'प्रिय तुकोजी'. 'तो'च्या जागी 'तू' सोडलं, तर बाकी एक अक्षर बदलावं लागलं नाही.

उमाकांतरावांनी चारही पानं नीट जुळवली.

"आणि चाल?" सुनंदाबाईंनी विचारलं.

पाच दिवस 'कृपया थांबा' बघत त्यांनी तो घोडा सगळ्या बाजूंनी पाहिला होता.

"घोडा मारतो."

"नक्की?"

"नाही," उमाकांतराव म्हणाले, आणि तेवढ्यात लिहून टाकलं.

सीडी सुनंदाबाईंनी दोऱ्यात ओवून कबुतरं हाकलायला गॅलरीत टांगली. थोड्या वेळानं एक कबूतर आलं, सीडीकडे पाहिलं आणि तिच्याच शेजारी बसलं. त्यालाही ती ओरिजिनल वाटली नसावी.

पाकीट घेऊन उमाकांतराव जिना उतरले. रामस्वामी दारातच.

"लिहिलात? सेरि, सेरि, बरं झालं! कोणती चाल?"

"घोडा मारला."

रामस्वामी वेष्टी सावरत आत पळाले. उमाकांतरावांनी पावलं उचलली. टपालपेटी कोपऱ्यावर, इडलीच्या गाडीपलीकडे. पाकीट पेटीच्या तोंडात गेलं, पण बोटं सुटेनात. आठ वर्षांची सवय होती ना बोटांना!

"सार! थांबा! टाकू नका!" रामस्वामी रस्त्यातून धापा टाकत येत होते. "मशीन म्हणते, घोडा मारलात तर तुम्हास चौथ्या चालीस मात! वजीर मागे घ्या! वजीर मागे घेतला तर जिंकाल!"

उमाकांतरावांनी वळून पाहिलं. इतकी वर्षं ज्याची भीती होती, तेच झालं होतं. तुकोजीनं सापळाच लावला होता, आणि ते बरोब्बर त्यात पडले होते.

"चौथ्या चालीस?" त्यांनी विचारलं. "म्हणजे तुकोजीला अजून चार चाली कराव्या लागणार?"

"होय तर! चार!"

"चार चाली म्हणजे चार पत्रं. आणि पट सिंगापूरला न्यावा लागणार."

बोटं सुटली. पाकीट आत पडल्याचा आवाज आला. उमाकांतराव ताठ उभे राहिले, रुमालानं कपाळ पुसलं, चार पावलं घराकडे टाकली. मग थांबले. इकडेतिकडे पाहून रामस्वामींच्या कानाशी वाकले.

"पण नक्की चारच ना हो? तीन तर नाहीत? जरा पुन्हा एकदा विचारता का तुमच्या त्या चोराला?"