कुशाबाचा लेथ आणि गंगुबाईचं छत

"तीन महिन्यांत हा लेथ असा चालवून दाखवतो, की शेजारच्या खोलीत मांजरसुद्धा जागं होणार नाही," असं कुशाबाने बायकोला, रमाबाईला सांगितलं, तेव्हा त्याची छाती चांगली दोन बोटं पुढे आली होती.

लालबागच्या चाळीत पहिल्या मजल्यावर त्यांची एक खोली. गिरण्यांच्या संपाला चार वर्षं होत आली होती. कुशाबा गिरणीत कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात होता. गिरणी पुन्हा उघडली ती त्याला वगळून, आणि तो माटुंग्याच्या एका कॉलेजात सकाळपाळीचा शिपाई झाला. पण गिरणीतली एक गोष्ट काही त्याच्या मनातून जात नव्हती. वर्कशॉपातला लेथ. लोखंडाचा दांडा गरगर फिरतोय, त्याला हत्यार टेकतंय आणि शेवयांसारखी साल निघतेय, हे तो जेवणाच्या सुट्टीत दारात उभा राहून बघायचा. हात लावायची सोय नव्हती. त्यामुळे भायखळ्याच्या एका भंगारवाल्याकडे गंजून पडलेला लेथ दिसला, तसा तो पाघळलाच.

लेथ सुटा करून, गोणपाटात गुंडाळून घरी आला. खालच्या मजल्यावर गंगुबाईची खानावळ होती. तिला कळू नये म्हणून ती भायखळ्याला मासळी घ्यायला गेली की कुशाबा एकेक तुकडा वर चढवायचा. सर्वांत जड होता तो लांबलचक लोखंडी पाया. तो चार हमालांनी वर नेला. त्यांतल्या एकाने जाताजाता विचारलं, "शेठ, खाली कोण राहतं?"

"का?"

"काही नाही. सहज."

त्या 'सहज'नंतर कुशाबाने जमिनीवर टाच आपटून पाहिली. तरी त्याने रॉकेल आणि पॉलिश पेपर घेऊन गंज घासला, तुकडे जोडले, आणि लेथ खिडकीखाली उभा राहिला. त्याच संध्याकाळी रमाबाईच्या हातून लिंबू निसटलं. ते घरंगळत घरंगळत थेट लेथखाली गेलं आणि तिथेच थांबलं.

"उतार झालाय," कुशाबा पुटपुटला.

"या घराला सपाटी कधी होती?" रमाबाई म्हणाली आणि दुसरं लिंबू घेतलं.

कुशाबाला मात्र त्या रात्री डोळा लागला नाही. जमीन म्हणजे लाकडी तुळया आणि त्यांवर फळ्या. त्या मोडल्या तर लेथ सरळ गंगुबाईच्या पंगतीत. दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजातून आल्यावर तो वर न जाता खानावळीत शिरला. भिंतीलगतच्या टेबलावर बसून त्याने वर पाहिलं. छताला बोटभर चीर होती.

"काय रे कुशाबा, जेवताना वर काय बघतंस? ताटात बघ," गंगुबाई म्हणाली. ती मालवणकडची, साठीची, आणि तिच्या हातात कायम पळी असायची.

"गंगुबाय, ही चीर कधीची?"

"ती व्हय? वाढता हा," गंगुबाई शांतपणे म्हणाली आणि पुढच्याला भात वाढायला गेली.

कुशाबाने ताट चिरेखालून हळूच बाजूला सरकवलं.

मग तो रोज यायला लागला. आपण खाली बसून पाहिलं तर चीर थांबेल, असं त्याला का वाटायचं देव जाणे. रमाबाई दुपारी पापडाच्या कामाला जायची आणि त्याचं ताट झाकून ठेवायची. दोन जेवणं काही पोटात मावेनात. घरचं ताट तसंच राहायला लागलं. "पोट बरं नाही," कुशाबा सांगायचा. रमाबाईने ओवा दिला, हिंग लावला, शेवटी भाकरी बंद करून नुसत्या पेजेवर ठेवलं. भीतीने त्याचे गाल बसलेच होते, त्यामुळे आजार खराही वाटायचा.

खानावळीत त्याच्या समोर शेजारच्या खोलीतले शामराव बसत. पोस्टातले, मितभाषी गृहस्थ. तेही हल्ली रोज यायचे आणि फार घामाघूम होऊन जेवायचे. कुशाबाला वाटायचं, रस्सा तिखट आहे.

एके दुपारी पापडाचं काम लवकर आटपलं. आजारी नवऱ्याला गरम पेज मिळावी म्हणून रमाबाई कामावरूनच डबाभर पेज घेऊन घराकडे निघाली, आणि खानावळीच्या दारातून तिला नवरा दिसला. पुढ्यात बांगड्याचं कालवण, हातात तळलेली तुकडी.

"पोट कसं आहे?" ती टेबलाशी येऊन म्हणाली.

कुशाबा उठला. "अगं, तसं नाही."

"गंगुबाईच्या हाताला चव आहे आणि माझ्या हाताला ओवा, असंच ना?" तिने डबा टेबलावर असा आदळला, की वरून पोपडा सुटला आणि कालवणात पडला.

"बाहेर व्हा," कुशाबा ओरडला. "वरचं खाली येतंय!"

त्याने रमाबाईचा हात धरून तिला रस्त्यावर ओढलं. मागून सगळी पंगत उष्ट्या हातांनी धावली. गंगुबाई पळीसकट आली. कुशाबा म्हणाला, "माझी चूक आहे. वर माझा लेथ आहे."

त्याच वेळी शामराव म्हणाले, "माझी चूक आहे. वर माझी टाकी आहे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पाणी पहाटे अर्धा तास येतं म्हणून शामरावांनी मोरीत गुपचूप विटा-सिमेंटची टाकी बांधली होती, छातीएवढी.

गंगुबाई आत गेली. सगळे "नको, नको" म्हणत असताना तिने बांबूने चिरेशेजारी छत ठोकलं. वर जाऊन ऐकलं, तर आवाज येत होता तो शामरावांच्या मोरीत. चीर त्यांची होती. कुशाबाच्या लेथखाली नुसती जाड भिंत होती. तो इतके दिवस दुसऱ्याच्या छताची काळजी करत जेवला होता.

"दोन्ही खाली हाडा," गंगुबाई बांबूने जमीन दाखवत म्हणाली. "माका माझी गिऱ्हाइकां होयी आसत."

शामरावांनी टाकी त्याच दुपारी फोडली. लेथ खानावळीमागच्या फरशीवर आला, आणि कुशाबा महिन्याभराने पहिल्यांदा घोरला. रमाबाई चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी मात्र, लेथ सुरू होणार म्हणून ती गंगुबाईसोबत येऊन उभी राहिली.

कुशाबाने लोखंडाचा गज बसवला, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. गज फिरला. साल निघाली, चकचकीत, लांबच लांब. बऱ्याच वेळाने त्याने मशीन थांबवलं आणि गरम तुकडा फडक्यात धरून बायकोपुढे केला. त्याचे डोळे भरून आले होते.

रमाबाईने तो उलटासुलटा करून पाहिला. "काय केलंत हे?"

"गोल केला."

"आधी गोल नव्हता?"

कुशाबाने जरा विचार केला.

"होता," तो म्हणाला.