पाचव्या पायरीवरचा रोबो

रघुरामने देवघराचं दार उघडलं. फळीवर रोबो नव्हता!

काल दुपारी वार्निशचा शेवटचा हात मारून त्याने तो इथेच वाळत ठेवला होता. अख्ख्या घरात धूळ नसलेली ही एकच जागा. चार महिने बिचारा त्या रोबोपायी खपला होता. कुणाच्या तरी अडगळीतून घेतला तेव्हा प्लास्टिक पिवळं पडलेलं, गुडघा निखळलेला, डावा हात तर नव्हताच. त्याने सगळे भाग सुटे केले, पेरॉक्साइडच्या पाण्यात बुडवून उन्हात पांढरे केले, घासले, रंगवले. डावा हात घडवला तो स्वयंपाकघरातल्या कॉफी फिल्टरच्या, पूड दाबायच्या पितळी दांडीतून, कुणाला न विचारता. शनिवारी दहाच्या आत रोबो त्रिचीच्या जुन्या खेळण्यांच्या दुरुस्तीच्या स्पर्धेत पोचायला हवा होता. कुंभकोणमच्या कॉलेजात बावीस वर्षं फिजिक्स शिकवणाऱ्या या माणसाने जन्मात पहिल्यांदा कुठे नाव दिलं होतं हो!

"श्रीविद्या! माझा रोबो कुठाय?"

बायकोने हॉलकडे बोट दाखवलं आणि ती स्वयंपाकघरात पसार झाली.

हॉलमध्ये नवरात्राचा कोलू, म्हणजे बाहुल्यांची आरास, मांडून झाला होता. सात पायऱ्या, वर देव, मध्ये राजाराणी, तळाशी चेट्टियार वाणी, त्याची बायको आणि त्यांचं कडधान्याचं दुकान. पाचव्या पायरीवर, दशावतारांना खेटून, रघुरामचा रोबो उभा. कपाळावर कुंकू, गळ्यात मोगरा.

"आई, हें काय केलंस?"

"नवी बाहुली नको कां दर वर्षीं?" अंबाबाई शांतपणे वाती वळत होत्या. "तुझी बायको आणायची विसरली. देवघरांत ही सांपडली."

"बाहुली नाहीं ती! शनिवारीं स्पर्धेला न्यायचाय तो."

"विजयादशमी झाली कीं ने."

"ती पुढच्या आठवड्यांत!"

"मांडलेला कोलू हलवूं नये, रघू. तुझ्या बाबांनीं एकदां चेट्टियार हलवला. त्याच महिन्यांत त्या कोरड्या रामनाथपुरास बदली झाली."

दुसऱ्या दिवशी आई आंघोळीला गेली असं वाटून रघुरामने हळूच हात पुढे केला. रोबोच्या डोक्यावरच्या तारेत गजरा अडकला होता. तो सोडवतोय, तोच मागून आवाज आला.

"मीं अजून आंत गेलें नाहीं."

त्या दिवसापासून अंबाबाईंची खुर्ची कोलूसमोर आली ती तिथेच राहिली.

शेवटी रघुरामने स्पर्धेचे परीक्षक विष्णुवर्धन यांना फोन लावला आणि घरीच येऊन रोबो बघा म्हणून अक्षरशः गयावया केली. ते तमिळमध्ये गुरगुरले, "गुरुवारी तुमच्या शेजारी दारासुरमला येतोय, मुलीच्या लग्नाचं रेशीम घ्यायला. सहाची गाडी आहे. दहा मिनिटं देईन. पण सांधे हातात घेऊन तपासल्याशिवाय मी गुण देत नाही."

गुरुवारी साडेपाचला ते आले. काखेत साड्यांच्या पिशव्या, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. हॉल शेजारच्या बायकांनी भरलेला. बाहेर रिक्षा थांबवून ठेवलेली. विष्णुवर्धननी खिशातून भिंग काढलं, हात पुढे केला.

"थांबा!" अंबाबाई तमिळमध्ये कडाडल्या. "कोलू बघायला आलात ना? मग रिवाजाप्रमाणे आधी गाणं म्हणा."

"मला गाता येत नाही."

"सगळे असंच म्हणतात. बसा."

रघुरामला दरदरून घाम फुटला. आता हे उठून जाणार, मग गेलं सगळं! बायका तोंडावर पदर धरून हसत होत्या. विष्णुवर्धननी घड्याळ बघितलं, अंबाबाईंकडे बघितलं, आणि निमूट मांडी घातली. डोळे मिटून त्यांनी शाळेतली कुठलीशी प्रार्थना म्हटली, सूर सोडून. मग प्रसादाचं सुंडल, हरभऱ्याची उसळ, खाल्लं. चार मिनिटं उरली.

त्यांचा हात पुन्हा पुढे गेला. "हात नाही लावायचा," अंबाबाई म्हणाल्या.

ते भिंग घेऊन गुडघ्यांवर बसले आणि चक्क तळापासून बघायला लागले. "हा चेट्टियार किती जुना?"

"माझ्या सासूबाईंच्या सासूचा."

"सर, पाचवी पायरी," रघुराम कुजबुजला. "सर, तो डावा हात..."

रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. विष्णुवर्धन विडा आणि नारळ घेऊन धावतच गेले. रघुराम रडकुंडीला येऊन दारात उभा राहिला. चार महिन्यांच्या कामाकडे त्यांनी धड अर्धं मिनिटही बघितलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी निरोप आला. श्रीविद्याने मोठ्याने वाचला. "रोबो बाद, सांधे तपासता आले नाहींत." मग ती थबकली. "अहो, खालीं आणखी आहे. उत्तम देखावा आणि मांडणी, पहिलं बक्षीस, श्रीमती अंबाबाई, कुंभकोणम!"

रघुराम मटकन खुर्चीत बसला. आईची खुर्ची होती, तरी तो उठला नाही.

"काय देतात?" अंबाबाईंनी विचारलं.

"कप," तो कसाबसा म्हणाला.

"बरें झालें. पुढल्या वर्षींची नवी बाहुली झाली." त्यांनी चष्मा पुसला, रोबोजवळ जाऊन वाकून बघितलं. "डावा हात बरा साधलास हो. उजव्याहून बरा."

रघुराम उठून तिच्याशेजारी आला. चार महिन्यांत हे कुणी म्हटलं नव्हतं. "तुला दिसला तो, आई?"

"न दिसायला काय झालें? फिल्टरची दांडी मीं पहिल्याच दिवशीं ओळखली. घरचाच आहे, म्हणून तर पायरीवर ठेवला." त्या वळल्या. "विजयादशमी झाली कीं काढून माझी दांडी मला दे. तीन महिने कॉफी पातळ पितें आहें."