कव्हरखालची इटालियन

माझ्याकडे साठ वर्षांपूर्वीची लाल इटालियन स्पोर्ट्स कार आहे आणि माझ्या साडूकडे त्याच वर्षाची चंदेरी जर्मन. या दोहोंत श्रेष्ठ कोणती, हे ठरवण्यासाठी आमच्या संग्राहक मंडळाने रीतसर तुलना समिती नेमली. विजेत्याचा गाडीसह फोटो मंडळाच्या दालनात कायमचा लागणार होता. तिथे साडूचं थोबाड लागलं असतं, तर मी मंडळच काय, सासुरवाडीही सोडली असती.

नियम सोपे होते. गाडी मूळ अवस्थेत हवी, आणि वापराने मूळ अवस्था बिघडते हे उघडच आहे. सबब, चालवलेल्या दर किलोमीटरला एक गुण वजा, इंजिन सुरू केल्यास दहा, दार उघडल्यास पाच. पहिल्या फेरीत आम्ही बरोबरीत सुटलो, कारण अकरा वर्षांत दोघांनीही किल्ली लावली नव्हती. मग समितीने गाडीवर उजेड पडल्याबद्दलही दोन गुण कापायचं ठरवलं. साडूने गॅरेजचा बल्ब काढला. मी बल्ब तर काढलाच, वर खिडकी विटांनी बुजवली.

"जावईबापू, एकदा चालवू द्या हो तिला," सासरे म्हणाले. जन्मभर बस चालवलेला माणूस, वय ब्याऐंशी. "रविवारी माझं लायसन्स संपतंय. आता नवीन कोण देतंय मला? नाक्यापर्यंत एक फेरी, बस्स!"

"बाबा, तुम्ही बसलात तर सीट दबेल."

"मग सीट असते कशाला?"

असला अडाणी प्रश्न! मी गाडीवरचं कव्हर आणखी घट्ट ओढून घेतलं.

रविवारी मी स्वतः जाऊन समितीला घेऊन आलो. साडूही आला, जळायला. कव्हर काढल्यास गाडीला हवा लागते, म्हणून अंधारात, कव्हरवरूनच तपासणी झाली.

"काय तो बॉनेटचा उतार!" अध्यक्ष हातमोजे घालून चाचपत म्हणाले. "जर्मनांना सात जन्मांत जमणार नाही."

शंभरपैकी शंभर! आनंदाच्या भरात मी साडूलाच मिठी मारली.

तेवढ्यात हॉर्न वाजला आणि फाटकातून माझी लाल गाडी आत आली. स्टिअरिंगवर सासरे, शेजारी सासूबाई, दोघांचे केस पार विस्कटलेले.

"टेम्पोवाल्याची बॅटरी उसनी घेतली!" सासरे ओरडले. "नाका कसला, डोंगर चढून आलो!"

"मग आत काय आहे?" साडूने कव्हर ओढलं. खाली जेवणाच्या चार खुर्च्या, इस्त्रीचं टेबल आणि दोन उशा होत्या.

अध्यक्षांनी शांतपणे नियमावली उघडली. बाहेरची गाडी चालवलेली, सबब अपात्र. आतल्या वस्तूने मात्र एकही किलोमीटर कापलेला नव्हता. निकाल कायम राहिला. दालनात आज माझा फोटो आहे, चार खुर्च्यांसह, कव्हर घालून.

"बसा जावईबापू," सासरे म्हणाले, "लायसन्स संपायला अजून पाच तास आहेत."

खोटं कशाला बोलू, जीव नुसता तळमळला हो! पण रस्त्यावर धूळ फार आणि माझे बूट नवे. सासूबाई उतरल्या, तसा साडूच टुणकन उडी मारून बसला. दोन्ही हात वर करून बोंबलत गेला गाढव.

हसा, खुशाल हसा मला. फक्त त्याआधी तुमच्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक काढून या.